मेडिकलला मुलाखत असते का, आणि असली तर तिथे नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका पालकांची मुलगी बारावी सायन्सला आहे. नीट देणारच आहे, शिवाय यूकेला अर्ज करायचा विचार घरात चालू आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: मेडिकलच्या ॲडमिशन इंटरव्ह्यूत काय विचारतात, त्यासाठी क्लास लावावा का, आणि ‘नवी मुंबईच्या कॉलेजात इंटरव्ह्यू आहे, मार्क कमी असले तरी सीट करून देतो’ असा जो फोन आला त्यावर किती विश्वास ठेवावा.

फोनचं आधी उरकू. अजिबात ठेवू नका. आपल्याकडे एमबीबीएसच्या नेहमीच्या प्रवेशात मुलाखतीला एकही गुण नाही. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय किंवा अंबरनाथला २०२४ मध्ये सुरू झालेलं शासकीय महाविद्यालय घ्या: १५ टक्के जागा एमसीसीच्या (केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) अखिल भारतीय कोट्यातून जातात, ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीकृत प्रवेशाच्या, फेऱ्यांतून. नेरुळचं तेरणा खासगी आहे, तिथली प्रक्रिया सीईटी सेलकडे. नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम अभिमत विद्यापीठांत मोडतात, त्यांच्या सगळ्या जागा एमसीसी भरते. मॅनेजमेंट आणि एनआरआय कोट्यात फी कैक पट असते हे खरं, पण तिथेही नंबर नीटच्या मेरिटनेच लागतो. कॉलेजने मुलाखत घेऊन परस्पर सीट द्यायची सोय कुठेच नाही.

या लोकांची पद्धत ठरलेली असते. कॉलेजजवळच्या एखाद्या ऑफिसात किंवा हॉटेलात ‘इंटरव्ह्यू’, दोन-चार सोपे प्रश्न, ‘सिलेक्शन झालं’, टोकन भरा, आणि मग शिक्का मारलेलं अलॉटमेंट लेटर. खरं अलॉटमेंट लेटर मुलीच्या स्वतःच्या लॉगिनमधूनच उघडतं आणि फी कॉलेजच्या खात्यातच जाते, व्यक्तीच्या खात्यात कधीही नाही. आणखी एक धोका कमी लोकांच्या लक्षात येतो. ‘फॉर्म आम्ही भरून देतो’ म्हणत एजंट लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपी घेतो, आपल्या सोयीने पसंतीक्रम लॉक करतो, आणि मुलीला हव्या असलेल्या कॉलेजचं नाव यादीत खाली गेल्याचं घरच्यांना निकालाच्या दिवशी कळतं.

प्रत्यक्ष प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात टेबलापलीकडचे लोक दोन-चार प्रश्न विचारतात. नाव, बारावी कुठून, जातीचा दाखला कुठल्या जिल्ह्याचा, मधलं वर्ष का गेलं. काही पालकांना हाच इंटरव्ह्यू वाटतो, पण ती कागदांची छाननी असते. तिथे बोलणं नाही, फाइल नापास होते. नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बारावीचा शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, राष्ट्रीयत्वाचा पुरावा, नोंदणीकृत डॉक्टरने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं फिटनेस सर्टिफिकेट, आरक्षण असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) आणि नॉन-क्रीमी लेअर. व्हॅलिडिटीला महिने लागतात, म्हणून ती बारावीच्या आधीच हातात हवी. नॉन-क्रीमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते, कोणत्या वर्षीच्या ते दाखल्यावर बघा. मुदत संपलेला दाखला बिनधास्त घेऊन येणारे दर वर्षी असतात. दाखल्यांसाठी जाताना तालुका बघा: वाशी, नेरुळ, ऐरोली, बेलापूर ठाणे तालुक्यात येतात, तर खारघर, कामोठे पनवेल तालुक्यात, म्हणजे जिल्हाच रायगड. ‘नवी मुंबई’ म्हणून चुकीच्या तहसीलला गेलात तर एक दिवस फुकट गेला समजा.

आता खरी मुलाखत. महाराष्ट्रात एमबीबीएससाठी ती पुण्यात होते, वानवडीच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. नीटनंतर एमसीसीच्या साइटवर एएफएमसीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. पहिल्या फेरीच्या गडबडीत अनेक जण ती विसरतात, आणि ती केली नसेल तर नीटचा स्कोअर कितीही असो, बोलावणं येत नाही. नोंदणी केलेल्यांतून नीटच्या गुणांवर यादी लागते. बोलावलेल्यांची पुण्यात इंग्रजी आणि तर्काची एक परीक्षा होते, टीओईएलआर नावाची: ४० प्रश्न, ८० गुण. मग मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. नीटचे ७२० आणि हे ८० मिळून ८०० होतात, ते २०० वर आणतात आणि मुलाखतीचे ५० त्यात मिळवतात. गणित मांडून बघा. मुलाखतीचा एक गुण नीटच्या चार गुणांना भारी पडतो. दोन मुलींमध्ये मुलाखतीत दहा गुणांचा फरक पडला, तर तो नीटमधल्या चाळीस गुणांच्या फरकाएवढा झाला. मुलींना जागा ३० आणि मुलांना ११५, त्यामुळे मुलींची रांग तशीही घट्ट असते.

समोर अधिकाऱ्यांचं मंडळ असतं आणि प्रश्न बहुतेक तुमच्या फॉर्ममधूनच निघतात. म्हणून फॉर्म भरतानाच मुलाखतीची तयारी सुरू होते. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिलं की शेवटचं पुस्तक कोणतं, कधी वाचलं, त्यातलं काय पटलं नाही, इथपर्यंत जाणारच. ‘ट्रेकिंग’ लिहिलं तर कुठला गड, उंची किती, उतरताना काय अडचण आली. दोन वर्षं क्लास आणि टेस्ट सिरीजशिवाय काहीच केलेलं नसेल तर खोटा छंद लिहू नका. ‘दहावीपर्यंत कबड्डी खेळायचे, मग सुटलं’ हे उत्तर पूर्ण चालतं. खोटेपणा दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

‘सेनेतच का?’ हा प्रश्न टळत नाही. इथे ‘देशसेवा’ शब्दावर थांबलात की उत्तर संपलं, आणि मंडळाला ते ऐकायची सवय आहे. त्याऐवजी काम माहीत असल्याचं दाखवा. तीनही दलांची वैद्यकीय सेवा डीजीएएफएमएस या महासंचालनालयाच्या एका छत्राखाली आहे, बदल्या होतात, एमबीबीएसनंतर सेवेचं बंधन आहे, पीजी आपल्या सोयीने मिळेलच असं नाही. मग त्यावर आपलं म्हणणं. ‘पीजी लांबलं तर?’, ‘घरच्यांना एकुलती एक मुलगी लडाखला पाठवायची तयारी आहे का?’ असे प्रश्न चिडवायला नसतात. तुम्ही बंधपत्र वाचून आलात की वडिलांनी सांगितलं म्हणून आलात, एवढंच त्यांना तपासायचं असतं. बंधपत्र आई-वडिलांसह आधीच वाचा, त्यातल्या रकमेसकट.

न येणाऱ्या प्रश्नावर काय करायचं, याचा सराव कुणी करत नाही. ‘माहीत नाही, सर’ सरळ म्हणायचं, एका श्वासात. डोळे छताकडे लावून आठवल्याचा आव आणला की त्यापुढचे तीन प्रश्न त्याच विषयावर येतात.

वैद्यकीय तपासणीत उंची-वजन, नजर, रंगदृष्टी, कान, दात, पावलं, गुडघे सगळं बघतात. चष्म्याला मर्यादा आहे, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. बरे होणारे दोष जूनमध्येच काढून टाका. कानात मळ साठला म्हणून तात्पुरतं अपात्र ठरणं यासारखं हळहळणं नाही, आणि ईएनटीकडे ते पंधरा मिनिटांचं काम आहे. दातांचं फिलिंग, वजन, ॲनिमिया याच वर्गातले. अपात्र ठरवलं तरी अपील मंडळ असतं, मुदतीत अर्ज करा. जाणं भर पावसाळ्यात होऊ शकतं, आणि घाटात दरड आली की गाड्या रखडतात. ठाण्याहून सकाळची इंद्रायणी पकडून त्याच दिवशी हजर व्हायचा हिशोब करू नका. आदल्या दिवशी पोहोचा आणि दोन-तीन दिवस मुक्कामाची तयारी ठेवा.

यूकेकडे वळू. तिथे मुलाखतीशिवाय मेडिकलला प्रवेश जवळपास नाहीच, आणि तिची घडण आपल्या ओळखीची नाही. आधी पात्रता तपासा: महाराष्ट्र बोर्डाची बारावी चालते की नाही हे विद्यापीठागणिक बदलतं, काही ठिकाणी ए-लेव्हल (तिथली बारावी) किंवा फाउंडेशन (पूर्वतयारीचा कोर्स) मागतात. हे बघितल्याशिवाय यूकॅट या तिथल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचे पैसे भरू नका. यूकॅट उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, जुलै ते सप्टेंबरच्या खिडकीत द्यायची. २०२५ पासून तिच्यातला ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंगचा (आकृत्यांमधले नमुने ओळखायचा) भाग गेला, आता तीन भागांची बेरीज २७०० पैकी असते आणि सिच्युएशनल जजमेंटचा, म्हणजे प्रसंगात कसं वागाल ते तपासणाऱ्या भागाचा, बँड (श्रेणी) वेगळा. बीमॅट ही दुसरी प्रवेश परीक्षा बंद झाली आहे, तिच्या नावाने कुणी पुस्तकं विकत असेल तर घेऊ नका. यूकॅस या तिथल्या सामायिक प्रवेश यंत्रणेचा अर्ज १५ ऑक्टोबरला त्यांच्या संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे आपल्या रात्री साडेदहापर्यंत. मेडिकलच्या जास्तीत जास्त चार पसंती. मुलाखती साधारण डिसेंबर ते मार्च, म्हणजे नेमक्या आपल्या प्रॅक्टिकल आणि बोर्डाच्या तोंडावर, आणि पुढे मेमध्ये नीट. हे ओझं मुलीला झेपेल का, हे ऑगस्टमध्येच ठरवा, जानेवारीत नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागा तिथे मोजक्याच असतात आणि फी वर्षाला साधारण चाळीस-साठ हजार पौंडांच्या घरात जाते, हेही त्याच बैठकीत बोलून घ्या.

बहुतेक ठिकाणी एमएमआय, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, असते. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने काढली. एकाच पॅनेलसमोर अर्धा तास बसण्याऐवजी सहा ते दहा छोटी स्टेशनं, प्रत्येकी पाच ते आठ मिनिटं, आधी मिनिट-दोन मिनिटं प्रश्न वाचायला. प्रत्येक स्टेशनला वेगळा परीक्षक, आणि त्याला तुमचं आधीचं स्टेशन कसं गेलं ते माहीत नसतं. एक बिघडलं की ते तिथेच सोडून पुढे जायचं. आपल्या मुलांना हे जड जातं, कारण पेपर सुटल्यावर उत्तरं पडताळत बसायची सवय हाडीमासी खिळलेली असते.

एक स्टेशन जवळून बघू. कार्डावर असं काहीसं: ‘तुम्ही मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहात. मित्राने वॉर्डातल्या पेशंटच्या एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आहे. त्यावर पेशंटचं नाव दिसतं. काय कराल?’ नव्वद टक्के तयारी अशी असते की मुलगी लगेच म्हणते, ‘इट इज अ ब्रीच ऑफ कॉन्फिडेन्शियालिटी, मी प्रोफेसरना कळवीन.’ चूक नाही, पण वीस सेकंदांत संपलं आणि पाच मिनिटं हातात राहिली. वजन असलेलं उत्तर पायरीपायरीने जातं. आधी नुकसान थांबवायचं: आत्ताच्या आत्ता फोटो काढायला सांगायचा, ग्रुपमधल्यांना पुढे पाठवू नका म्हणायचं. मग मित्राशी एकट्याने बोलायचं, त्याला शिकण्यासाठी विचारायचं होतं की मिरवायचं होतं हे समजून घ्यायचं. मग, हे त्याने स्वतः वरिष्ठांना सांगावं अशी संधी द्यायची, आणि तो सांगणार नसेल तर मला सांगावं लागेल हेही त्याला तोंडावर म्हणायचं. पेशंटला कळवायचं की नाही हा निर्णय माझा नाही, वरिष्ठांचा. इथे परीक्षक वळण घेतो: ‘नाव पुसलं असतं तर?’ तेव्हा ‘मग चालेल’ म्हणालात की गेलात. दुर्मीळ फ्रॅक्चर, वॉर्ड, तारीख यांवरूनही माणूस ओळखता येतो, शिवाय पेशंटची संमती घेतलेली नाही. दुसरं वळण: ‘तो म्हणतो, तक्रार केलीस तर माझं करिअर संपेल.’ त्याची भीती खरी आहे असं मान्य करा आणि भूमिका तीच ठेवा. गुण या दोन वळणांवर मिळतात, पहिल्या वाक्यावर नाहीत.

नीतिशास्त्राची चार तत्त्वं, म्हणजे पेशंटची स्वायत्तता, हित, अपाय न करणं आणि न्याय, पाठ असावीत, पण नावं घेऊन मोजून दाखवायला नव्हे. तिथल्या जनरल मेडिकल काउन्सिलचं ‘गुड मेडिकल प्रॅक्टिस’ हे डॉक्टरांच्या वर्तनाचं मार्गदर्शक जानेवारी २०२४ च्या शेवटी नव्याने लागू झालं. ते इंटरनेटवर मोफत आहे, दोन संध्याकाळींत वाचून होतं, आणि कुठल्याही गाइडपेक्षा उपयोगी आहे. एनएचएस, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेबद्दल, किमान एवढं हवं: जीपी म्हणजे काय, ऑपरेशनसाठी लोक इतके का थांबतात, २०२३ मध्ये डॉक्टरांनी संप का केले, आणि ज्युनियर डॉक्टरांना सप्टेंबर २०२४ पासून रेसिडेंट डॉक्टर म्हणतात.

रोल-प्लेचं स्टेशन वेगळं. समोर नट असतो. समजा, शेजारच्या आजींनी चार दिवस सांभाळायला दिलेला लव्हबर्ड तुमच्या हातून उडून गेला, त्यांना सांगा. आपली मुलं आधी दोन मिनिटं प्रस्तावना करतात आणि मग ‘दुसरा आणून देते ना!’ म्हणतात. उलटं करा. पहिल्या दोन वाक्यांत गोष्ट सांगून टाका, माफी मागा, आणि गप्प बसा. आजी रडतील, रागावतील. ती शांतता सहन करणं हीच परीक्षा असते. भरपाईची भाषा, काढायची तर, शेवटी.

हिशोबाचं स्टेशन सोपं असतं आणि म्हणूनच दगा देतं. मूल १८ किलोचं, पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, सिरप ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं. डोस २७० मिलिग्रॅम, म्हणजे ५.४ मिलिलिटर. घाईत दशांश सरकून ५४ येतात आणि मुलं तेच सांगतात. मोठ्याने म्हणा: ‘२५० ला पाच, म्हणजे २७० ला पाचाच्या जरा वर, ५.४ बरोबर वाटतंय.’ आकड्याइतकेच गुण या पडताळणीला असतात.

‘डॉक्टर का?’ यावर आजोबांच्या आजारपणाची गोष्ट प्रत्येकाकडे असते. ती सांगू नका असं नाही, पण पुढचा प्रश्न ‘मग नर्स का नाही?’ असा येतो, आणि तिथे सेवाभाव पुरत नाही. निदान करणं, निर्णयाची जबाबदारी अंगावर घेणं, यावर बोलावं लागतं. त्यासाठी काहीतरी पाहिलेलं हवं. मोठ्या हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागत नाही. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, त्यांच्या आणि पेशंटच्या परवानगीने, दहा शनिवार बसलं तरी भरपूर दिसतं: इन्शुलिन घेतो म्हणणारा आणि न घेणारा पेशंट, सासूसमोर न बोलणारी सून, गर्दीतही कुणाला आधी आत पाठवायचं हे ओळखणारी रिसेप्शनिस्ट. घरी येऊन चार ओळी लिहून ठेवायच्या. काय पाहिलं याला एक ओळ, त्यातून काय समजलं याला तीन.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुलाखत अभ्यासाची असते. एखादा अनोळखी आलेख पुढे ठेवून विचार मोठ्याने करायला लावतात. इशारा दिल्यावर मत बदलणं तिथे गुणाचं धरतात.

ऑनलाइन असेल तर डिसेंबर-मार्चमध्ये वेळेचा फरक साडेपाच तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकली की साडेचार. त्यांचे दुपारचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, आणि लग्नसराईत त्या वेळेला खालच्या हॉलमध्ये हळदीचा डीजे असू शकतो. तारीख कळली की सोसायटीत चौकशी करून ठेवा, नाहीतर नातेवाइकांचं शांत घर धरा. वीज गेली तर म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज, हॉटस्पॉट तयार, उजेड समोरून, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. पालकांनी खोलीत थांबू नये, कोपऱ्यात गपचूप बसूनसुद्धा नाही. मुलीची नजर तिकडे जाते आणि ते पलीकडे दिसतं.

अमेरिकेचा विचार बारावीनंतर लगेच करण्यात अर्थ नाही, तिथे मेडिकल हे चार वर्षांच्या पदवीनंतरचं शिक्षण आहे. जॉर्जिया, रशिया वगैरेंसाठी एजंट ज्याला इंटरव्ह्यू म्हणतात ती बहुतेकदा इंग्रजी तपासणारी छोटी व्हिडिओ-भेट असते. तिथे नापास व्हायची भीती नाही, भीती नंतरची आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात डॉक्टरकी करण्याची पात्रता, एवढं नसेल तर इथे नोंदणी होत नाही. जाण्याआधी नीट पात्र असावं लागतंच. एजंटने मुलाखतीचं कौतुक सुरू केलं की या चार गोष्टी लेखी मागा.

राहिला क्लास. एएफएमसीसाठी बोलावणं आल्यावर हाताशी फार दिवस नसतात, तेव्हा महागडा कोर्स करण्यापेक्षा सोसायटीत एखादे निवृत्त सैन्याधिकारी असतील तर त्यांना तासभर मागा. यूकेसाठी दोन-तीन पूर्ण एमएमआय मॉक पैसे देऊन करायला हरकत नाही, कारण घड्याळाची शिट्टी आणि अनोळखी चेहरा घरी जमत नाही. ‘मॉडेल आन्सर्स’ची फाइल देणारा क्लास मात्र टाळा. एकाच क्लासची पाच मुलं एकच वाक्य बोलतात आणि परीक्षकांच्या ते कानावर येतं. बाकीचा सराव फुकट होतो: मुलीला न ओळखणारा माणूस, बँकेतले कुणी, शाळेतल्या दुसऱ्या तुकडीच्या बाई, समोर बसवा, मोबाइलवर सहा मिनिटं लावा, रेकॉर्ड करा. आठवड्यातून दोनदा, एका वेळी तीन स्टेशनं. रेकॉर्डिंग आधी आवाज बंद करून बघा, हात आणि डोळे काय करतात ते कळतं. मग चित्र न बघता ऐका, आणि ‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आलं ते मुलीलाच मोजू द्या.